खैराच्या कातापासून दातांच्या तारेपर्यंत

घाटाखालच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दातांना रोज भरपूर काम पडत असे. भात उखळात मुसळाने सडला जाई, त्यामुळे दाण्यावरचा लालसर कोंडा पुरता निघत नसे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिके. ती घरच्या जात्यावर दळताना दगडाची बारीक कच पिठात उतरे आणि भाकरीबरोबर तोंडात जाई. भातकापणी झाली की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरले जात. थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भाजून पोपटी होई, आणि वाळलेले कडवे वाल वर्षभर पुरत. पेण-पनवेलच्या बाजूने आठवडी बाजारात येणारी सुकट, वाकट्या आणि सुके बोंबील पावसाळ्याची बेगमी म्हणून फडताळात जात. ठाकर आणि कातकरी वाड्यांवर त्यात रानातल्या कंदांची भर पडे. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत चावल्याशिवाय काही घशाखाली उतरत नसे.

अशा खाण्याने दात झिजतात. ही झीज वाईटच, असं दंतवैद्यक बराच काळ मानत होतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे दंतवैद्य पर्सी रेमंड बेग यांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या कवट्या तपासल्या, तेव्हा त्यांना वेगळी गोष्ट दिसली. भरड अन्न खाणाऱ्या त्या माणसांचे दात वरून झिजलेले होतेच, शिवाय एकमेकांना टेकणाऱ्या बाजूंनीही झिजलेले होते. बाजूने झिजल्यामुळे प्रत्येक दाताची रुंदी किंचित कमी झाली होती आणि जबड्यात सगळ्यांना जागा पुरली होती. बेग यांनी १९५४ साली हा विचार मांडला आणि त्याच्या आधारावर बारीक, हलक्या तारेने दात सरकवण्याची आपली पद्धत बसवली. पुढे भारतातल्या दंत महाविद्यालयांत ‘बेग पद्धत’ म्हणून अनेक वर्षं हीच शिकवली गेली. १९८३ साली रॉबर्ट करुचिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची उत्तर भारतातली पाहणी प्रसिद्ध झाली. खेड्यातल्या मुलांपेक्षा शहरातल्या मुलांत दातांची ठेवण जास्त बिघडलेली त्यांना आढळली, आणि त्यांचा रोख मऊ अन्नाकडे होता. वाढत्या वयात जबड्याला पुरेसं काम मिळालं नाही तर त्याची वाढ कमी पडते, असं त्यांचं म्हणणं. आनुवंशिकता, दुधाचे दात वेळेआधी पडणं, अंगठा चोखण्याची सवय ही कारणंही तितकीच खरी असल्यामुळे या प्रश्नावर तज्ज्ञांचं पूर्ण एकमत झालेलं नाही. पण उखळ-मुसळ जाऊन भाताच्या गिरण्या आल्या, भाकरीच्या जोडीला पाव आला, आणि चावण्याचं काम घटलं, हे या दोन तालुक्यांतल्या कोणत्याही घरात आजी आणि नातीच्या ताटांकडे पाहून कळतं.

जुन्या काळाचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. झिजता झिजता दात मज्जेपर्यंत पोचला की ठणका सुरू होई, मुळाशी पू धरे, आणि जवळपास कुठे दंतवैद्य नसे. मग इलाज रानातून येई.

सुश्रुतसंहितेत दात घासायला कोणत्या झाडाची काडी घ्यावी हे चवीप्रमाणे सांगितलं आहे. कडू चवीत कडुनिंब, तुरट चवीत खैर, गोड चवीत मोह आणि तिखट चवीत करंज श्रेष्ठ. काडी बारा अंगुळं लांब असावी, असंही तिथे म्हटलं आहे. या परिसरात खैर, मोह आणि करंज जंगलात आहेत, आणि कडुनिंब गावात. त्यातल्या खैराने तर इथे एका अख्ख्या जमातीला पोट दिलं. कातकऱ्यांचं नावच त्यांच्या कात काढण्याच्या धंद्यावरून पडलं.

कात काढणं हे कष्टाचं आणि नजरेचं काम होतं. पाऊस संपला की कुटुंबं जंगलात उतरत. खैर तोडून त्याची साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड कुऱ्हाडीने काढून टाकत आणि आतल्या लाल गाभ्याचे बारीक तुकडे करत. मग लांबट चुलीवर मडक्यांची रांग मांडून हे तुकडे पाण्यात तासन्‌तास उकळायचे. पाणी तांबडं झालं की ते दुसऱ्या मडक्यात ओतून घ्यायचं, तुकडे टाकून द्यायचे आणि तो रस पुन्हा आटवायचा. रस काकवीसारखा दाट झाला, पळीवरून संथ उतरू लागला, की चुलीवरून खाली घ्यायचा. थंड होऊन तो घट्ट झाला की त्याच्या वड्या पाडून वाळवायच्या. खैराच्या गाभ्यातलं तुरट द्रव्य या वड्यांत साठलेलं असतं. त्याने हिरड्या आवळतात, रक्त यायचं थांबतं, तोंड आलेलं असेल तर आराम पडतो. पानाच्या विड्यात कात गेला तो रंगासाठी, तसाच या गुणासाठीही. आयुर्वेदातली खदिरादि वटी आजही तोंडाच्या विकारांवर देतात, ती याच झाडाची.

१८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली आणि खैरावर सरकारी मालकी आली. झाड तोडणं गुन्हा ठरला तसा कातकऱ्यांचा धंदा बसला. कोळसा पाडणं, शेतमजुरी, आणि पुढे वीटभट्ट्या, अशी त्यांची पोटाची वाट बदलत गेली. खैराचं मोल मात्र बाजारात टिकून राहिलं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको कंपनी सुरू केली. कर्जत लोकलच्या मार्गावरच्या डोंबिवलीत तिचा कारखाना उभा राहिला. तिच्या वज्रदंतीच्या घटकांत बाभूळ, बकुळ, लवंग आणि अक्कलकाढ्याबरोबर खैरही आहे. रानातली औषधं डब्यात भरून शहरात विकली जाऊ लागली, आणि ती ओळखणारी माणसं त्या व्यवहारात कुठेच राहिली नाहीत.

यातल्या अक्कलकाढ्याचा उपयोग गावात आजही जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याचं पिवळं बोंडुक दाताखाली धरलं की आधी झिणझिण्या येतात, तोंडाला पाणी सुटतं आणि थोड्या वेळाने जीभ व हिरडी बधिर होते. कोकणात दातदुखीवर हा पहिला उपाय. दुसरा लवंगेचा. लवंगेतलं युजेनॉल नावाचं तेल दंतवैद्यही वापरतात, त्यामुळे त्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. तिसरा उपाय भुईरिंगणीच्या बियांचा. त्या निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर तोंडात घ्यायचा, म्हणजे दातातली कीड गळून पडते असं मानत. दातात किडा नसतोच, जिवाणूंच्या आम्लाने पोकळी होते, हे आता शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. तरी ठणक्याने रात्रभर न झोपलेल्या माणसाला त्या धुराचा आधार वाटे, यात नवल नाही.

सगळ्यात महाग पडलेला उपाय म्हणजे मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि ती बोटाने दातांना लावून बसायचं. निकोटीनमुळे दुखणं थोडा वेळ थांबे आणि भूकही मरे. भातलावणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर धरलेल्या बायकांना तेवढीच उसंत मिळे. तात्पुरत्या आरामासाठी लावलेली मशेरी आयुष्यभर सुटत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटावरच्या पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली आणि १९७२ साली त्याचे निष्कर्ष छापले. तंबाखू आणि तोंडातल्या कर्करोगपूर्व खुणा यांचं नातं त्या कामातून महाराष्ट्राच्या खेड्यांपुरतं स्पष्ट झालं. मशेरीचा डबा मात्र अजूनही अनेक घरांत आहे.

दात गेले की चावण्याचा प्रश्न उरे. त्यावर इथल्या स्वयंपाकघराने जे उत्तर शोधलं, ते आज फार कामाचं आहे. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी छोटा खलबत्ता असे. पान, चुना, कात, सुपारी त्यात कुटून त्याचा मऊ गोळा केला की तो गालात धरता येई. विड्याची चव मिळे आणि चावायचं काम लोखंड करी. जेवणातही अशीच सोय होती. सकाळी तांदळाची किंवा नाचणीची पेज. दुपारी गुरगुट्या भात, त्यावर तूप-मेतकूट किंवा कुळथाचं पिठलं. संध्याकाळी तांदळाची भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून. कडव्या वालांना मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेलं बिरडं इतकं मऊ शिजे की जिभेने टाळूवर दाबलं तरी विरघळे. सोलण्याला तास-दीड तास लागे, आणि त्या वेळात ओटीवर बायकांच्या गप्पा रंगत. बाळंतीण, तापातून उठलेलं मूल आणि बोळक्या तोंडाचे आजोबा, या तिघांसाठी घरात हे वेगळं जेवण नेहमी होतं आणि त्यात कुणाला उपकार केल्यासारखं वाटत नसे.

दंतवैद्यक या भागात आलं ते रेल्वेच्या रुळांवरून. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत पोचली. पुढे घाट चढायला पालख्या आणि तट्टं घ्यावी लागत. १८६३ साली बोरघाटाचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि चढावर मागून रेटा द्यायला जादा इंजिन लावण्यासाठी प्रत्येक गाडी कर्जतला थांबू लागली. त्या थांब्याने कर्जत स्टेशनचा बटाटावडा नावारूपाला आला. दिवाडकरांचे वडे घेण्यासाठी खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्या प्रवाशांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. रुळांच्या दुसऱ्या टोकाला मुंबई होती. तिथे १९३३ साली नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. १९४८च्या दंतवैद्य कायद्याने शिकलेले दंतवैद्य आणि रस्त्यावर बसून दात उपटणारे यांच्यात कायदेशीर रेघ ओढली. १९६५ साली मुंबईत दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, स्थापन झाली. डॉ. एच. डी. मर्चंट तिचे पहिले अध्यक्ष.

तेव्हा तारा बसवणं म्हणजे मोठं प्रकरण होतं. प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी घट्ट ठोकून बसवावी लागे. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण केलं आणि १९२८ साली तार अडकवण्यासाठी चौकोनी खाचेचा धातूचा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, आणला. त्याची मूळ कल्पना आजही चालू आहे, बदलले ते चिकटवण्याचे आणि ओढण्याचे मार्ग. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर राळ चिकटते हे दाखवलं. पुढे त्याच तंत्राने ब्रॅकेट थेट दातावर बसू लागले आणि पट्ट्यांची गरज फक्त दाढांपुरती राहिली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू जॉर्ज अँड्रेसन यांनी १९७०च्या दशकात दातांच्या तारेसाठी वापरला. ही तार वाकवली तरी मूळ आकाराकडे परत येते, त्यामुळे ती कमी जोराने पण सतत दात ओढत राहते. पूर्वीच्या ताठ पोलादी तारेच्या मानाने दुखणं त्यामुळे सुसह्य झालं.

तरी दुखतंच. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, त्याच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ आवरण असतं. तारेचा दाब आला की एका बाजूचे तंतू चेपतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. चेपलेल्या बाजूचं हाड हळूहळू विरतं आणि ताणलेल्या बाजूला नवं हाड भरतं. दात सरकतो तो असा. या प्रक्रियेत शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं आणि त्यांनीच ठणका लागतो. तार बसवल्यावर काही तासांत दुखायला सुरुवात होते, साधारण एका दिवसाने ते सर्वांत जास्त असतं, आणि तीन ते सात दिवसांत ओसरतं. दर वेळी तार बदलली किंवा घट्ट केली की याची छोटी आवृत्ती पुन्हा होते. औषध हवंच असेल तर बहुतेक तज्ज्ञ पॅरासिटामॉल सुचवतात, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्याच रसायनांना अडवतात आणि दात सरकण्याचा वेग कमी होण्याचा धोका असतो. मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. ब्रॅकेटचा कोपरा गालाला घासून सोलवटलं तर त्यावर दवाखान्यातून मिळणारं मेण लावायचं आणि कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायच्या.

त्या पहिल्या आठवड्यात आठवी-नववीतल्या मुलांना पोळीचा घासही चावता येत नाही. आजोबांसाठी रांधलेलं जेवण नेमकं तेव्हा उपयोगी पडतं. पेज, गुरगुट्या भात, कुस्करलेली भाकरी, वालाचं बिरडं आहेच. तांदळाची उकड तर अशा दिवसांसाठीच असावी. आंबट ताकात तांदळाचं पीठ गुठळी न होऊ देता कालवायचं. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेली मिरची आणि लसूण परतून त्यावर ते ओतायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. कडा सुटू लागल्या की झाकण ठेवून एक वाफ आणायची. तोंड सोलवटलं असेल तर मिरची वगळायची. घावन, पानगी, मऊ खिचडी यांनीही पोट भरतं आणि मूल उपाशी झोपत नाही. कर्जतच्या वड्यातलं सारणही पहिल्या दोन-तीन दिवसांनी चालतं, फक्त वडापाव हातात धरून पुढच्या दातांनी तोडायचा नाही. तुकडे करून दाढेने सावकाश खायचा.

काही गोष्टी मात्र तारा असेपर्यंत सोडाव्याच लागतात. लोणावळ्याची चिक्की, भाजके चणे, दाताने सोलायचा ऊस आणि टणक पेरू यांनी ब्रॅकेट निघतो आणि उपचार लांबतो. उन्हाळ्यात रायवळ आंब्याची कोय चोखायची सवय असलेल्या मुलांना फार जड जातं, कारण त्याचे रेषे तारेत असे गुंततात की ब्रश हरतो. आंब्याचा रस काढून द्यावा. जेवल्यावर दर वेळी दात घासावेत, आणि ब्रॅकेटच्या मधली जागा छोट्या ब्रशने साफ करावी. नाहीतर तार निघाल्यावर दात सरळ दिसतात, पण त्यांवर पांढरे डाग राहतात.

कर्जत, नेरळ, खोपोली इथे आता दंत दवाखाने आहेत, तारा लावलेली मुलंमुली लोकलच्या डब्यात सहज दिसतात. कामोठे आणि खारघरची दंत महाविद्यालयंही आवाक्यात आहेत, जिथे शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हातून हा उपचार खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतो. वाड्यांवरच्या मुलांपर्यंत मात्र तो पोचत नाही, आणि त्यामागे पैशाइतकंच वेळापत्रकाचंही कारण आहे. तारेच्या उपचाराला दीड-दोन वर्षं लागतात, दर महिना-दीड महिन्याने तपासणी लागते. कात बंद झाल्यापासून मजुरीवर जगणाऱ्या कातकरी कुटुंबांतली कितीतरी पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात आणि पुढच्या पावसापर्यंत परतत नाहीत. अशा मुलाची पुढची तारीख कोण पाळणार?

यावर एक मार्ग हाताशी आहे. आश्रमशाळेत शिकणारी आदिवासी मुलं वर्षाचे बरेच महिने एकाच ठिकाणी राहतात. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे या भागातल्या शाळांचा कारभार आहे, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांच्या तपासणीत किडलेल्या दातांचीही नोंद होते. ही नोंद आणि दंत महाविद्यालयांतलं शिक्षण यांची गाठ घातली, तर शिकणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण मिळतील आणि मुलांना उपचार. आधी किडलेले दात भरणं, दुधाचे दात वेळेआधी जाऊ न देणं, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना तार. दर महिन्याची फेरी डॉक्टरांनी शाळेत केली, तर भट्टीवर गेलेल्या आईबापांना मजुरी बुडवून यावं लागणार नाही. आणि तार घट्ट केल्यानंतरचे दोन-तीन दिवस शाळेच्या भटारखान्यात या मुलांपुरता भात थोडा जास्त शिजवायला सांगणं एवढंच काम उरतं.